लांबी भरायची का?

मंगळवारी मधल्या सुट्टीत रंगाऱ्याचा फोटो आला. गावाकडच्या घराला बऱ्याच वर्षांनी रंग चाललाय. धाकटा भाऊ पुण्यात, मी छत्रपती संभाजीनगरात आणि घर तिकडं अंबाजोगाई-लातूर रस्त्यापासून आत, त्यामुळं रंगारी फोनवर फोटो टाकतो आणि आम्ही इकडून हो-नको कळवतो. या फोटोत ढेलजेच्या दाराची सागवानी चौकट होती. उजव्या अंगाला, उभ्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, लाकूड खाल्लेलं दिसत होतं. खाली त्यानं लिहिलं होतं, "ताई, चौकट उंदरानं कुरतडलीय. लांबी भरायची का?" लांबी म्हणजे रंगाआधी लाकडातली भोकं बुजवायचा लगदा. माझ्या एका हातात डब्याचं झाकण, समोर सातवीच्या वह्यांचा गठ्ठा. अंगठ्यानंच "हो, भरा" लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. पाचव्या तासाला फळ्यावर क्रियापदांची रूपं लिहीत होते. "आला, आली, आलं" असं लिहिलं आणि खडू तिथंच थांबला. उंदीर एवढ्या उंचीवर चढून चौकट कशाला कुरतडील?

ती हिरानं कुरतडलेली होती.

हिरा म्हणजे आमच्या घरचा राघू. १९८३च्या माघात आला तेव्हा अंगावर पिसांपेक्षा काड्याच जास्त होत्या, डोकं धडापेक्षा मोठं आणि पोट असं नितळ की आत गेलेला घास बाहेरून दिसावा. हे मला आठवत नाही. मी तेव्हा चार वर्षांची होते. ऐकून ऐकून ते माझं झालंय. घरात सांगायची गोष्ट अशी होती की अवकाळी वारं सुटलं, बांधावरच्या लिंबाची फांदी मोडली, पिल्लू खाली पडलं आणि आमच्याकडं सालानं राहिलेल्या मामांनी ते पटक्यात गुंडाळून आणलं. आज्जीनं हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, बोटाच्या टोकावर घेऊन ते वाढवलं. शाळेतल्या निबंधात मी ही गोष्ट दोनदा लिहिली आहे. दोन्ही वेळा वादळाचं वर्णन मोठं केलं होतं.

तिचा स्वभाव सांगायचा तर आधी तिची चाल सांगावी लागेल. पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं असतात. खोडाला धरायला तो पाय चांगला, जमिनीवर चालायला अवघड. त्यामुळं ती पाय आत वळवून, डुलत चालायची, पण घाई कधीच नसायची. सारवलेल्या वसरीतून ती अशी चालत आली की घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस आल्यासारखं वाटायचं. चढताना चोचीचा तिसरा पाय करायची. भाकरीचा तुकडा डाव्या पायात धरून, मान तिरकी करून, आधी कड खायची आणि मग पोपडा. करडईचं बी तर तिनं खावं आणि आपण बघावं. त्या पांढऱ्या टणक दाण्याला जाड जिभेनं चोचीत फिरवायची, टिच्च असा आवाज यायचा, दोन टरफलं दोन बाजूंना पडायची. आमच्याकडं करडईचं तेल घाण्यावरून यायचं, वास घरभर असायचा, आणि आजही तो वास आला की मला आधी तो टिच्च आवाज ऐकू येतो. हिरवी मिरची ती बियांसकट खायची. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही हे मला फार पुढं कळलं. तेव्हा आम्हाला तो तिचा पराक्रम वाटायचा, आणि ठेचा खाताना डोळ्यांत पाणी आलेल्या पाहुण्याला आज्जी पिंजऱ्याकडं बोट दाखवून म्हणायची, "ह्या लेकराकडं बघा जरा."

नवी साडी तिला चालत नसे. आईला आम्ही बाई म्हणायचो. बाई लग्नाकार्याला नवी साडी नेसून निघाली की हिरा तिला ओळखायचीच नाही. पिसं फुगवून, चोच उघडून बसायची. बाई परत आली, घरातलं जुनं पातळ नेसली, की मगच खांदा मान्य. काळी छत्री हा दुसरा वैरी. अण्णांचं मात्र सगळं चालायचं. ते शेतातून आले, सायकल भिंतीला टेकली, की हिराच्या डोळ्यातली काळी बाहुली मोहरीएवढी बारीक व्हायची आणि लगेच पसरायची, पुन्हा बारीक, पुन्हा मोठी. मग त्यांच्या बोटावर बसून मान खालीवर करत ती पोटातला मऊ दाणा वर आणायची आणि त्यांच्या नखावर ठेवायची. पोपट हे जोडीदारासाठी करतात. माझे वडील अबोल होते. आमच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवलेला मला तीन-चार वेळाच आठवतो. पण तो ओला दाणा बोटावर घेऊन ते बराच वेळ तसेच बसून राहायचे. बाई म्हणायची, पुसा की हो. ते म्हणायचे, "तिच्यासमोर नको."

संध्याकाळी दिवा लागला की ती एक पाय पोटात ओढून घ्यायची आणि झोपण्याआधी चोचीवर चोच घासायची. जात्यात दोनच दाणे टाकून कुणी हळूहळू फिरवावं तसा तो आवाज. तिच्या पाठीला नाक लावलं तर उन्हात वाळत घातलेल्या तिळासारखा, थोडा धुळकट वास यायचा. नाक लावू द्यायची ती फक्त याच वेळी. एरवी मी जवळ गेले की मान वळवायची. सांगायला वाईट वाटतं, पण मी तिची लाडकी नव्हते.

आणि तरी ती आणली होती माझ्यासाठी.

हे मला अण्णा गेल्यावर कळलं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, बाई आणि मी वसरीत ज्वारी निवडत बसलो होतो, आणि तिनं सहज सांगितलं की वादळ वगैरे काही झालं नव्हतं. मी चार वर्षांची होईस्तोवर बोलत नव्हते. कान चांगले होते, हाक मारली की बघायचे, पण तोंडातून शब्द नाही. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. योगेश्वरीला नवस झाला. मग कुणीतरी आज्जीला म्हणालं, राघूचं उष्टं खाऊ घाला, वाचा फुटंल. अण्णांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण आज्जीपुढं त्यांचं चालायचं नाही, आणि मला वाटतं तोवर त्यांनाही धीर राहिला नसावा. मामा लिंबावर चढले. ढोलीत तीन पिल्लं होती. एक काढलं, दोन ठेवली. "दोन दिस त्या लिंबावर नुसता कालवा होता," बाई म्हणाली. "आपल्या घरापत्तुर ऐकू यायचा. तुझे अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत." मग ज्वारीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "पण तू बोललीस ना."

मी बोलले, हे खरं. त्याच वर्षी, आषाढात. ते कसं घडलं ते आज्जी मरेपर्यंत सांगत होती. हिरा बोलावी म्हणून आज्जी रोज सकाळी पिंजऱ्याखाली बसून तिला एकच शब्द शिकवायची. विठ्ठल. तोंड मोठं करून, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. वि, ठ्ठ, ल. वीस वेळा, तीस वेळा. नंतर पेरूची फोड आत द्यायची, हिरानं दोन टोचे मारले की तीच फोड काढून मला द्यायची. एका सकाळी आज्जीला "इत्तल" असं ऐकू आलं. तिनं हातातली माळ टाकली, उठून पिंजऱ्याजवळ गेली, "आणिक म्हण, आणिक म्हण" म्हणायला लागली. हिरा दांडीला उलटी लोंबकळत तिच्याकडं बघत होती. आवाज खालून आला होता. पिंजऱ्याखाली, पडलेल्या टरफलांत, मी बसले होते.

आज्जीनं ते पेरूच्या नावावर टाकलं आणि गावात तशा चार-दोन पोरांना आमच्याकडून उष्टे पेरू गेले. मी आता एकोणीस वर्षं शिकवते आहे आणि मला वाटतं ते निराळंच काही झालं. न बोलणाऱ्या लेकराला चारचौघांत "बोल, बोल" करायला आमच्या घरातली माणसं लाजत असावीत. शेजारपाजारचे ऐकतील, वर पोरगी गप्पच राहील, मग घरात सगळेच गप्प व्हायचे. राघूला शिकवण्यात लाज नव्हती. तो नाही बोलला तरी कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणून घरातला प्रत्येक जण त्या पिंजऱ्यापाशी थांबून सावकाश, गोड, पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिला, आणि त्या आवाजांच्या बरोबर खाली मी बसलेली असायचे. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं म्हणूनच बहुतेक मला ते जमलं. माझ्या वर्गात एखादं लेकरू तोंड उघडत नसलं तर मी त्याला कधीच उभं करत नाही. त्याच्या शेजारच्याला शिकवते, सावकाश, दोनदा.

हिरा विठ्ठल कधीच म्हणाली नाही. तिनं स्वतःहून दोनच गोष्टी उचलल्या. एक म्हणजे "कोण हाय?" ढेलजेत पाऊल वाजलं की आज्जी आतून जसं विचारायची अगदी तसं, शेवटी जरा चढलेल्या सुरात. दुसरी गोष्ट म्हणजे हापसा. आमच्या घरापासून पन्नास पावलांवर हापसा होता, आणि त्याच्या दांड्याचा कर्र-कुर्र आवाज, मागून पाणी घागरीत पडायच्या आधीची ती पोकळ उचकी, हे सगळं तिनं तसंच्या तसं घेतलं होतं. पोपटाला आपल्यासारखे स्वरतंतू नसतात. श्वासनळीच्या बुडाशी, जिथं तिच्या दोन शाखा होतात, तिथून त्याचा आवाज निघतो. एवढ्याशा नळीत लोखंड आणि पाणी दोन्ही कसं मावतं, मला अजून नवल वाटतं. एका कोरड्या उन्हाळ्यात हापसा दिवसातून एक-दोनदाच पाणी द्यायचा आणि बायका घागरी ओळीत ठेवून सावलीला बसायच्या. भर दुपारी आमच्या वसरीतून हापशाचा आवाज यायचा आणि दोन-तीन घरांतून बायका कळशी घेऊन धावत बाहेर यायच्या. पहिल्यांदा त्या चिडल्या. मग एकजण पिंजऱ्यापाशी येऊन बसली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "वाजव बाई, वाजव. आवाज तरी गार लागतो."

हिरा हे नाव अण्णांनी ठेवलं ते राघू समजून, म्हणजे तो हिरा. पोपटाच्या नराला दोन-तीन वर्षांत गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी येते. आम्ही वाट बघत राहिलो. तीन वर्षं झाली, चार झाली, कंठी आली नाही. आज्जी म्हणायची, माळकऱ्याच्या घरातला असून गळा मोकळा कसा. पाचव्या वर्षी, माघातच, तिनं ढेलजेतल्या कोनाड्यात, दिव्याच्या वातींसाठी ठेवलेल्या कापसावर एक पांढरं अंडं घातलं. दोन-तीन दिवसांनी दुसरं, मग तिसरं. त्या दिवसापासून आमच्या घरातली क्रियापदं बदलली. हिरा आला, हिरा खातोय, हिरा रुसला, असं म्हणणारी तोंडं अडखळत अडखळत हिरा आली, खातीय, रुसली म्हणू लागली. अण्णांना लगेच जमलं. भावाला वर्ष लागलं. आज्जीनं शेवटपर्यंत बदललं नाही. तिच्यापुरता तो हिराच राहिला. मंगळवारी फळ्यापुढं माझा खडू थांबला तो याच ठिकाणी.

ती अंडी ती उबवत बसली. रानात बावीस-तेवीस दिवसांत पिल्लं फुटतात. ही महिनाभर उठली नाही. मी नववीत... नाही, तेव्हा मी चौथीत होते. शाळेतून आले की कोनाड्यात डोकावायचे आणि ती माझ्याकडं अशा नजरेनं बघायची की मी दोन पावलं मागं सरायचे. भुकेली राहू नये म्हणून आज्जी भिजवलेला हरभरा कोनाड्याच्या कडेला ठेवायची. अंड्यांत काही नाही हे घरातल्या मोठ्या माणसांना माहीत होतं आणि ती काढून टाकावीत असंही एक-दोनदा बोलणं झालं, पण बाई म्हणाली, तिला कळंल तेव्हा ती उठंल. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास ती उठली. कोनाड्याकडं पाठ करून अण्णांच्या पटक्यावर जाऊन बसली. बाईनं ती अंडी तुळशीच्या मातीत पुरली. बाईची स्वतःची दोन लेकरं माझ्या आधी गेली होती. ती याबद्दल काही बोलली नाही, मीही हे इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

चौकट तिनं कुरतडली ती याच दिवसांत. अंडी घालायच्या आधी महिनाभर ती पिंजऱ्यात राहायला तयार नव्हती. दार उघडलं की चौकटीच्या वरच्या खुंटीवर जाऊन बसायची आणि तासन्‌तास लाकूड फोडायची. खाली भुसा पडायचा. अण्णांनी एकदा फडकं मारलं, मग सोडून दिलं. चोच वाढते म्हणून घासत असंल, असं ते म्हणाले आणि आम्ही ते धरून चाललो.

अण्णांबद्दल एक गोष्ट मला कधी सोडवता आली नाही. हुरड्याच्या दिवसांत, ज्वारीच्या कणसात दूध धरलं की थवे उतरायचे. पन्नास, शंभर, किंचाळत यायचे आणि ताटांवर लोंबकळायचे. पोपट नुसता खात नाही, सांडतो जास्त. सूर्यफूल आलं तेव्हा तर फुलंच्या फुलं तोडून टाकायचे. अण्णा पहाटे माळ्यावर चढायचे, गोफण फिरवायचे, हाकारे घालायचे. त्यांचा गुंडा सहसा चुकायचा नाही. दुपारी मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा कधी कधी बांधावर एखादा हिरवा पक्षी पडलेला असायचा, पापणी अर्धी झाकलेली, चोचीत दाण्याचं दूध. आणि त्याच हातानं संध्याकाळी हिराला बोट. एकदा तिला खांद्यावर घेऊन ते वसरीत बसले होते आणि मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते तिला म्हणाले, "तुझ्या जातीची दोन मारून आलो बघ आज." ती त्यांच्या कानाची पाळी चोचीत धरून हळूहळू चाळवत होती, नेहमीसारखी. ते बराच वेळ हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा माळ्यावर गेले. ज्वारी होती, ती राखायची होती. त्यांना कठोर म्हणावं असं मला कधी वाटलं नाही आणि हळवंही म्हणता येत नाही.

मग १९९३. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते. तिकडं किल्लारी, सास्तूर भागात भूकंपानं काय झालं ते इथं पुन्हा सांगायला नको. आमचं माळवदाचं घर पडलं नाही, पण दगड-मातीच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा गेल्या. त्या रात्री आधी हिरा ओरडली होती. बाईनं उठून पाहिलंही होतं. पुढं आठवड्याभरात ही बातमी अशी पसरली की बाजूच्या गावांतून माणसं तिला बघायला यायला लागली. राघूनं आधी सांगितलं म्हणं, पुन्हा कधी होणार ते विचारा. अण्णा कधी कुणावर आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी चढवला. "ती मांजर बघून रोजच वरडती. तिच्या नावावर काही घालू नका. माणसं मेल्यात तिकडं."

पुढचे तीन-चार महिने आम्ही अंगणातच झोपलो, छपराखाली जायची कुणाची छाती होत नव्हती. पहिल्याच रात्री अण्णांनी पिंजऱ्याचं दार उघडून तारेनं मागं बांधून टाकलं. म्हणाले, पळायची वेळ आली तर तिला तरी पळता यावं. ते दार पुन्हा लागलं नाही. पंखांची टोकं कापायचं काम आज्जीचं होतं. दर काही महिन्यांनी ती कात्री घेऊन बसायची आणि हिरा तिच्या मांडीवर रागानं गप्प पडायची. त्या गडबडीत कापायचं राहिलं, आणि नंतर कापावं असं कुणी म्हणालं नाही. डिसेंबरात एका सकाळी ती अंगणातून उडाली. दहा वर्षांत आम्ही तिला उडताना पाहिलं नव्हतं. लांब शेपटी, सरळ रेष, एकदम परकी. ती परसातल्या लिंबावर बसली, वरून एक थवा गेला, त्यांनी आवाज दिला, हिनंही दिला. मी खाली उभी राहून म्हणत होते, जा, आणि त्याच वेळी म्हणत होते, जाऊ नको. दिवा लागायच्या आत ती खाली आली. रोज जायची, रोज यायची. घरातले म्हणायचे, जीव आहे आपल्यावर. मीही म्हणायचे. पण थव्यात कसं राहायचं, कुणाच्या मागं उडायचं, रात्री कुठल्या झाडावर उतरायचं, हे पिल्लू आपल्या आईबापांकडून शिकतं, आणि तिला शिकवणारी आम्ही माणसं होतो. आम्ही तिला हापसा शिकवला होता.

१९९८च्या जानेवारीत मी इथं वसतिगृहात होते. अण्णांचं अंतर्देशीय पत्र आलं. त्यांचं पत्र कधीच चार ओळींच्या वर जात नसे. "ज्वारी चांगली आहे. थंडी फार आहे. हिरा सोमवारी पहाटे गेली, बांधावरच्या लिंबाखाली ठेवली. तू अभ्यास कर." 'ठेवली' हा शब्द मी बराच वेळ बघत बसले. खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, कोण हिरा, आणि मला नीट सांगता आलं नाही.

आता कायदा सांगतो की रानातला पोपट धरणं, पाळणं हा गुन्हा आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हाही होता, आमच्या गावात कुणाला माहीत नव्हता. माझी मुलगी लहानपणी पोपट हवा म्हणून हटून बसली होती, तेव्हा मी तिला जवळ घेऊन स्पष्ट नाही म्हटलं, आणि कायदा सांगितला. लिंबावरच्या दोन दिवसांच्या कालव्याचं तिला सांगितलं नाही. ते ज्या शब्दांत सांगायचं ते शब्द मला कुठून आले, हे मग सांगावं लागलं असतं.

हिमायतबागेत जुनी झाडं आहेत, तिथं संध्याकाळी पोपट उतरतात. माघाच्या सुमारास मी तिकडून फिरायला जाते. चार वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी वाळक्या खोडावर एक मादी दिसली, गळा मोकळा. एका जुन्या भोकाच्या कडेला लटकून ती लाकूड फोडत होती. एक चिपटी काढायची, टाकायची, मान आत घालून बघायची, पुन्हा बाहेर येऊन फोडायची. भोक रुंद करत होती. पोपट स्वतः नवीन ढोली सहसा कोरत नाहीत, तांबट-सुतारांनी केलेली, नाहीतर आपोआप पडलेली पोकळी घेतात आणि आपल्याला हवी तशी मोठी करतात. मी तिथं उभी होते, हातात दुधाची पिशवी होती, आणि तिची मान आत-बाहेर होताना बघून मला कसंतरीच झालं. काय झालं ते तेव्हा उमगलं नाही. चार वर्षं ते तसंच आत राहिलं आणि मंगळवारी, पाचव्या तासाला, फळ्यापुढं उमगलं. चोच घासत नव्हती ती. आमच्या चौकटीत ढोली करत होती.

तास सुटल्याबरोबर फोन लावला. रंगाऱ्यानं उचलला नाही. रात्री लागला तर म्हणाला, "झालं की ताई, लांबी भरली. एक हातही मारला." मी गप्प राहिले. तोच पुढं म्हणाला, "एक भोक लई खोल हाय पण. दोनदा भरलं, दोनदा गळून पडलं. लाकडाचा तुकडा ठोकून बसवू का?"

रविवारी पहाटेची एसटी धरली. घरात नव्या रंगाचा वास भरला होता, ढेलजेत डबे पडले होते, चौकटीला गडद तपकिरी ऑइलपेंट चढला होता. खालचे बारके टोचे सगळे बुजलेत. त्यांवरून हात फिरवला तर काही लागत नाही. वरचं भोक उघडं होतं. खुंटी अजून आहे, तिच्यापासून बरोबर वीतभर. रंगारी ब्रश हातात धरून, मी काय सांगते म्हणून थांबला होता. मी चपला काढल्या, उंबऱ्यावर उभी राहिले, टाचा उंचावल्या आणि करंगळी आत घातली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली. आतून कड गुळगुळीत होती.